खोटं की नुसतं विसंगत? 'परदेशी' ठरवणारा निष्कर्ष हायकोर्ट कसा तपासतं

एखाद्या माणसाला देशाबाहेर काढायचं ठरतं तेव्हा त्या निर्णयाच्या मुळाशी बहुतेक वेळा एक छोटं वाक्य असतं: याच्या म्हणण्यावर विश्वास ठेवता येत नाही. हे वाक्य कुणीतरी अधिकाऱ्याने किंवा ट्रायब्युनलने लिहिलेलं असतं. मग तो माणूस हायकोर्टात जातो. आता प्रश्न असा, की हायकोर्ट त्या वाक्याचं नेमकं काय करू शकतं?

आपल्याला वाटतं, कोर्ट सगळं पहिल्यापासून ऐकेल, कागद बघेल आणि स्वतः ठरवेल. तसं होत नाही. यालाच न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात आणि 'अपील' हा शब्द त्याच्यासाठी वापरला की व्हायवामध्ये पहिलाच प्रश्न तिथून येतो. अपिलात वरचं कोर्ट खालच्या कोर्टाचा निर्णय बरोबर आहे का, हे पाहतं. पुनर्विलोकनात ते निर्णयापर्यंत पोचलेली वाट पाहतं. मी विज्ञान शाखेतून आलेला, पुराव्यावरून निष्कर्ष कसा निघतो हा माझ्या पीएच.डी.चा विषय, त्यामुळे मला हे पेपरच्या रिव्ह्यूसारखं वाटतं. रिव्ह्यूअर तुमचा प्रयोग पुन्हा करत नाही. त्याच्याकडे ना तुमचे नमुने, ना तुमची लॅब. तो तुमची पद्धत वाचतो, तक्ते बघतो आणि विचारतो की या डेटावरून हा निष्कर्ष निघतो का. पद्धतच लिहिलेली नसेल तर त्याच्या हातात काही उरत नाही. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्यावर परत यायचंय.

आधी एक ओळखीचं उदाहरण घेऊ. कास्ट व्हॅलिडिटी. आपल्यापैकी अनेकांनी, निदान वर्गातल्या मित्राने तरी, पडताळणी समितीकडे खेटे घातलेले असतात. ही व्यवस्था माधुरी पाटील खटल्यातून आली. महादेव कोळी असल्याचा दावा होता, महाराष्ट्रातलंच प्रकरण, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९९४ चा. त्यात समिती कशी असावी, दक्षता पथकाने चौकशी कशी करावी हे सांगितलं आणि हायकोर्टाने किती खोलात जायचं हेही सांगितलं. हायकोर्ट हे पुरावा नव्याने तोलणारं अपील कोर्ट नाही. समितीने समोरची सगळी संबंधित सामग्री पाहिली का, डोकं चालवलं का, एवढं त्याने बघायचं. पुढे २००१ चा महाराष्ट्राचा कायदा आला. त्यात दावा सिद्ध करायची जबाबदारी दावेदारावर टाकली आणि समितीच्या आदेशाविरुद्ध फक्त हायकोर्टात रिट, एवढीच वाट ठेवली.

आता यातली विश्वासार्हतेची बाजू बघा. समिती 'आप्तभाव चाचणी' घेते, म्हणजे लग्नाच्या रीती काय, देव कोणते, बोली कशी, असे प्रश्न. पनवेल-कर्जतच्या एखाद्या ठाकूर मुलीला, जी शहरात वाढली, तिला आजीच्या गाण्यातला शब्द आला नाही, तर ती खोटं बोलतेय असं म्हणायचं का? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २४ मार्च २०२३ रोजी, ठाकूर जमातीच्या संघटनेच्याच प्रकरणात, स्पष्ट केलं की ही चाचणी निर्णायक कसोटी नाही. संविधानाआधीचे जुने कागद असतील तर त्यांचं वजन जास्त. म्हणजे न्यायालयाने कोणत्याही मुलीची जात ठरवली नाही. कोणत्या साधनाने काय मोजता येतं आणि काय येत नाही, ते ठरवलं. विश्वासार्हतेच्या पुनर्विलोकनाचा गाभा हाच आहे.

हेच आता जास्त जोखमीच्या ठिकाणी नेऊ. इथे प्रवेश किंवा नोकरी जात नाही, देशच जातो.

१९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याचं कलम ९ सांगायचं की एखादी व्यक्ती परदेशी आहे की नाही असा प्रश्न आला तर 'मी परदेशी नाही' हे त्या व्यक्तीने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून हा कायदा जाऊन त्या जागी 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५' आला, पण सिद्धतेच्या जबाबदारीचं तत्त्व तसंच राहिलं. त्यामागचा विचार सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या सर्बानंद सोनोवाल निकालात मांडला होता: जन्म कुठे झाला, आईवडील कोण, हे त्या माणसालाच सगळ्यात चांगलं ठाऊक, सरकारला कसं कळणार? ऐकायला बरोबर वाटतं. पण नीट विचार करा. स्वतःचा जन्म कुणालाच आठवत नाही. आपल्याला जे ठाऊक असतं ते घरच्यांनी सांगितलेलं आणि कागदावर कुणीतरी लिहिलेलं.

आणि कागद तरी कुणाचे? नागरिकत्व कायद्यानुसार १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस ढोबळमानाने जन्मानेच नागरिक. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मला असेल तर आई किंवा वडील यांपैकी एक जण नागरिक असायला हवा. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी दोघंही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या जवळपास सगळ्यांना, वेळ आलीच तर, स्वतःच्या जन्माबरोबर आईवडिलांचे कागदही दाखवावे लागतील. आणि दोन पिढ्यांचे कागद जोडायचे म्हटले की विसंगती येणारच.

आपल्याकडचंच बघा ना. महाराष्ट्रात आजोबांच्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मले की काय असं वाटतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय भरावं म्हणून तारीख टाकली, तीच पुढे पेन्शनपर्यंत चालली. घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावात कागदोपत्री सात महिन्यांचंच अंतर निघालं तरी कुणाला नवल वाटत नाही. बाईचं तर नावच बदलतं. नुसतं आडनाव नाही, कित्येक घरांत लग्नानंतर पाळण्यातलं नावही बदलायची रीत. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, मतदार यादीत तिसरंच, कारण यादी करणाऱ्याने शेजारणीला विचारून लिहिलं. यात कुणीच खोटं बोललेलं नाही. पण हे तीन कागद अनोळखी माणसापुढे ठेवले आणि 'विसंगती शोधा' म्हटलं तर पाच मिनिटांत पान भरेल.

आसाममध्ये हे पान रोज भरतं. तिथे फॉरेनर्स ट्रायब्युनल आहेत, ते लेखी मत देतात, आणि त्या मताविरुद्ध गुवाहाटी हायकोर्टात रिट करता येते. रिटमध्ये हायकोर्टाने कुठली कसोटी लावायची? इथे मला नेहमी गंमत वाटते, थोडी कडू गंमत. कसोटी येते सय्यद याकूब विरुद्ध राधाकृष्णन या साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या निकालातून, आणि ते प्रकरण होतं बसच्या परमिटचं. मद्रासकडच्या एका मार्गावर कुणाची गाडी चालवायची, यावरून भांडण. तिथे घटनापीठाने सांगितलं की उत्प्रेषण रिटमध्ये न्यायालय वस्तुस्थितीचे निष्कर्ष उलटवत नाही. अपवाद तीन: ग्राह्य असलेला महत्त्वाचा पुरावा नाकारला, अग्राह्य पुरावा घेतला आणि त्याचा निष्कर्षावर परिणाम झाला, किंवा निष्कर्षाला पुरावाच नाही. पुरावा पुरेसा होता की नव्हता, हा प्रश्न रिटमध्ये विचारायचा नाही. बसच्या परमिटसाठी ही मर्यादा ठीकच आहे. तीच मर्यादा माणसाच्या देशाला लावावी का, यावर आपल्याकडे फार कमी लिहिलं गेलंय. कुणाला विषय शोधायचा असेल तर इथे आहे.

या मर्यादेत राहूनही न्यायालय काय करू शकतं, त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे ११ जुलै २०२४ चा मोहम्मद रहीम अली विरुद्ध आसाम राज्य हा निकाल. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि अहसानुद्दीन अमानुल्ला यांचं पीठ. ट्रायब्युनलने २०१२ मध्ये परदेशी ठरवलं होतं, हायकोर्टाने २०१५ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला होता. ट्रायब्युनलचा आधार होता नावांच्या स्पेलिंगमधले आणि तारखांमधले फरक. सर्वोच्च न्यायालयाने निष्कर्ष रद्द केला आणि दोन गोष्टी सांगितल्या, दोन्ही वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली गोष्ट विसंगतीबद्दल. असे किरकोळ फरक मतदार यादी करताना देशभर होतात, तेवढ्यावरून माणसाला खोटा ठरवून परदेशी म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट कलम ९ बद्दल, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सिद्धतेची जबाबदारी त्या माणसावर आहे हे खरं, पण म्हणून कुणाकडेही बोट दाखवून 'कर सिद्ध' म्हणता येणार नाही. आधी सरकारकडे संशयाला काहीतरी ठोस आधार हवा आणि तो आधार त्या माणसाला कळवायला हवा. नाहीतर तो उत्तर कशाला देणार? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर गृहीतक मांडणाऱ्याने निदान गृहीतक का मांडलं ते सांगावं, नल हायपोथेसिस समोरच्याच्या गळ्यात बांधून मोकळं होऊ नये.

आता थोडं विज्ञान, कारण 'विसंगत म्हणजे खोटं' हे गृहीतक तपासता येतं आणि लोकांनी ते तपासलंय. जेन हर्लिही, पीटर स्क्रॅग आणि स्टुअर्ट टर्नर यांनी २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापला. ब्रिटनमध्ये आधीच आसरा मिळालेले ३९ निर्वासित, २७ कोसोवोचे आणि १२ बोस्नियाचे. त्यांना खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं. त्यांची दोनदा मुलाखत घेतली, मध्ये काही आठवडे ते काही महिने. दोन्ही वेळच्या सांगण्यात फरक सर्रास निघाले. मुख्य घटनेपेक्षा आजूबाजूच्या तपशिलात जास्त. आणि ज्यांच्यात आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणं जास्त होती, त्यांच्यात दोन मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले. नमुना लहान आहे, टीका करायला जागा आहे, पण दिशा स्पष्ट आहे: आठवण ही फाइल नाही.

मग चेहरा? साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलेल्या न्यायाधीशाला जास्त कळतं म्हणून वरच्या कोर्टाने त्याच्या मताचा मान राखावा, असं जुनं तत्त्व आहे. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्यावरचे २०६ अभ्यास एकत्र केले, चोवीस हजारांहून जास्त निरीक्षक. अचूकता निघाली सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०. प्रयोगशाळेतलं खोटं आणि कोर्टातलं खोटं सारखं नसतं हे मान्य, तरीपण चेहऱ्याच्या नावाने द्यायचा मान जरा बेताने द्यावा असं माझं मत. अमेरिकेतला एक आकडा तर अजून बोलका आहे. २००७ च्या 'रेफ्युजी रूलेट' या अभ्यासात मायामीच्या एकाच इमिग्रेशन कोर्टात कोलंबियाच्या अर्जदारांना आसरा देण्याचं प्रमाण एका न्यायाधीशाकडे ५ टक्के आणि दुसऱ्याकडे ८८ टक्के निघालं. इमारत एक, देश एक. दोन थर्मामीटर एवढे वेगळे वाचत असतील तर आपण पेशंटला दोष देत नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथली एक रचना बघण्यासारखी आहे. आसऱ्याच्या दाव्यात तिथलं वरचं कोर्ट फार नमतं घेतं. २००५ च्या रिअल आयडी कायद्याने कोणतीही विसंगती, मग ती दाव्याच्या मुळाशी असो वा नसो, विचारात घ्यायची मुभा दिली. कोणत्याही वाजवी माणसाला उलट निष्कर्ष काढणं भागच पडेल अशी स्थिती नसेल तर कोर्टाने हात घालायचा नाही. २०२१ च्या गारलँड विरुद्ध मिंग दाई या निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हेच पक्कं केलं. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण माणूस म्हणाला, 'मी परदेशी नाहीच, मी इथलाच नागरिक आहे', तर नियम उलटतो. १९२२ च्या एनजी फुंग हो विरुद्ध व्हाइट या निकालापासून तत्त्व असं, की नागरिकत्वाच्या खऱ्या दाव्याचा निवाडा न्यायालयाने स्वतः, नव्याने करायचा. प्रशासनाच्या निष्कर्षाचा मान तिथे नाही. कारण साधं आहे: हद्दपार करायचा अधिकार परदेशी माणसावर चालतो, आणि तो परदेशी आहे की नाही यावरच तर अधिकार टेकलेला आहे.

आपल्याकडे १९५५ च्या हान्स म्युलर निकालात परदेशी माणसाला बाहेर काढायचा सरकारचा अधिकार जवळजवळ निरंकुश मानला. ठीक. पण म्युलर जर्मन आहे यावर वाद नव्हता. जिथे वाद नेमका त्यावरच आहे, तिथेही आपण बसच्या परमिटचीच कसोटी लावतो. ही तुलना मला सगळ्यात टोचते.

आता परत महाराष्ट्रात येऊ. ट्रायब्युनल आसामात. इथे नाहीत. पनवेल, खारघर, तळोजा भागात बांधकामावर काम करणारा बंगाली बोलणारा मजूर संशयावरून पकडला गेला तर साधारण दोन वाटा असतात. एक वाट कोर्टाची: गुन्हा दाखल, दंडाधिकाऱ्यांसमोर खटला, निकाल आणि शिक्षा झाली तर त्यानंतर पाठवणी. या वाटेत निदान कागद तयार होतो, साक्ष होते, उलटतपासणी होते. दुसरी वाट पडताळणीची: कागदपत्रं त्याच्या सांगितलेल्या गावी पाठवायची, तिकडून उत्तर मागवायचं, आणि उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर सीमेवर पाठवून द्यायचं. या दुसऱ्या वाटेत विश्वासार्हतेचा निष्कर्ष असतोच, फक्त तो बरेचदा कुठे लिहिलेला नसतो.

सुरुवातीला म्हटलं होतं ते हेच. पद्धतच लिहिलेली नसेल तर रिव्ह्यूअर काय तपासणार? जून २०२५ मध्ये मुंबई-ठाणे परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेश सीमेपलीकडे पाठवलं गेलं, आणि त्या राज्याने त्यांचे कागद पुढे केल्यावर काही दिवसांत त्यांना परत आणावं लागलं. त्यांना परत आणलं ते प्रशासकीय पातळीवरच्या फोनाफोनीने आणि पत्रव्यवहाराने. कुठल्या कोर्टाने निष्कर्ष तपासून नाही, कारण तपासायला कारणांसहित आदेश हवा आणि माणूस सीमेच्या अलीकडे हवा. आदेश नंतर लिहून भागत नाही. १९७७ च्या मोहिंदर सिंग गिल निकालापासून नियम आहे की आदेशात नसलेली कारणं मागाहून प्रतिज्ञापत्रात घालता येत नाहीत. निकाल बघून गृहीतक लिहिणं आपल्या क्षेत्रातही चालत नाही, तसंच.

इथे एक गैरसमजही दूर करतो. १२ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी ठाण्यातल्या एका प्रकरणात म्हटलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्याने कुणी आपोआप नागरिक होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर याचा अर्थ 'आधारवाला म्हणजे संशयित' असा फिरला. एक तर तो जामिनाचा आदेश होता, नागरिकत्वाचा अंतिम निर्णय नाही. दुसरं, कायद्याने ते बरोबरच आहे, ते कागद ओळखीचे आणि सोयींचे. पण कागदाने नागरिकत्व सिद्ध होत नाही आणि कागदातल्या स्पेलिंगच्या फरकाने ते नासिद्ध होतं, अशी दोन्ही बाजूंनी कात्री चालवता येत नाही. कागद कच्चा असेल तर तो दोन्ही दिशांना कच्चा.

यावर काम करायचं असेल तर निकालांची गोषवारा-यादी करत बसू नका, त्याने प्रकरण वाढतं आणि हाती काही येत नाही. मी एक साधा तक्ता वापरतो. प्रत्येक निकालातली प्रत्येक विसंगती एका ओळीत. पुढे रकाने: ती मुळाशी आहे की आजूबाजूची (आई कोण हे मुळाशी, घर नंबर आजूबाजूचा), ती कागदाकागदातली आहे की बोलण्याबोलण्यातली, त्या माणसाला ती दाखवून खुलासा विचारला का, खुलासा दिला असेल तर तो का नाकारला ते लिहिलंय का, आणि वरच्या कोर्टाने त्या ओळीला हात लावला का. शेवटून दुसरा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा राहतो. तक्ता भरताना आदेशातला मूळ परिच्छेद क्रमांक टाका, आणि शक्य असेल तिथे एका मित्राकडून दहा-पंधरा निकाल स्वतंत्रपणे कोड करून घ्या. 'मुळाशी की आजूबाजूची' या एका रकान्यावर तुमचं दोघांचं किती जुळतं, ते आधी बघा.